पाळण्याचा मालक दाखवा

चेंबूरला हर्षदला मुलगा झाला ही बातमी नाहूरला पोचली तेव्हा मानसी कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. मोजणी तिथेच चुकली, आणि त्या दिवशी डाळीचं जे काही झालं ते घरातल्या सगळ्यांनी सूप समजून मुकाट्याने प्यालं. सासूबाईंनी, म्हणजे सुगंधाबाईंनी, देवापुढे साखर ठेवली. नवरा सुयोग ऑफिसातून फोन करून आपण काका झाल्याचं सांगत सुटला, जणू त्यात त्याचं काही कर्तृत्व होतं. फक्त सासरे, भाऊराव, खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "बारसं बाराव्या दिवशीच करतील ना?"

ते असं का विचारतायत हे सगळ्यांना कळलं.

त्याचं असं आहे, की या मंडळींचा एक पाळणा आहे. गिरणीतल्या एका सुताराने मालाच्या खोक्यांच्या फळ्यांतून तो केला आणि चाळीतल्या पहिल्या बाळाला दिला. पुढे गिरणी गेली, चाळ गेली, माणसं नाहूर, चेंबूर, सांताक्रूझ अशी पांगली. पाळणा मात्र अजून टेम्पोत बसून ज्याच्या त्याच्या बारशाला जातो, आणि त्याच्याबरोबर एक वही जाते. बाळाला आत घालण्याआधी त्या पाळण्यात निजलेल्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचायचं, अशी रीत आहे. कोणी घातली, हे विचारू नये; रीतींचा जन्मदाखला कोणाकडे नसतो. वहीत आज अडुसष्ट नावं आहेत, आणि गेली चाळीस वर्षं ती वाचायचं काम भाऊरावांचं.

पण दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालंय. समोरचं पुसट, कडेचं स्वच्छ. दहा महिन्यांपूर्वी मानसीच्याच मुलीचं, अबोलीचं, बारसं झालं तेव्हा त्यांनी वही नुसती हातात धरली आणि नावं पाठ म्हटली. कोणाला कळलंही नसतं. पण तीन नावं गळली, आणि त्यातलं एक हर्षदचं होतं. सख्खा पुतण्या. तो पाळण्याची दोरी धरून समोरच उभा होता. हसला बिचारा. मी काय खाली सतरंजीवर झोपायचो काय, असं म्हणून जिलेबी खाऊन गेला. त्यानंतर नाहूरला काही आला नाही. कामं असतात माणसाला. पण भाऊरावांनी ते मनाला लावून घेतलं ते घेतलंच, आणि आता नेमकं हर्षदच्याच मुलाचं बारसं.

"यावेळी वही दुसऱ्या कोणाच्या हातात द्या," ते राजीनामा दिल्यासारखे म्हणाले.

इथे मानसीने गप्प राहायला हवं होतं. ती म्हणाली, "द्यायची नाही, बाबा. आपली वेबसाइट उघडतेय ना. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं तिच्यात. तुम्हीच वाचायचंय."

वेबसाइट ही दोन वर्षांपूर्वीची कल्पना. तेव्हा हर्षदने उत्साहाच्या भरात 'आपला पाळणा' या नावाचा पत्ता विकत घेऊन टाकला होता. मग उत्साह संपला आणि पत्ता नुसताच राहिला, घर न बांधलेल्या प्लॉटसारखा. मानसीने गेल्या दोन महिन्यांत अबोलीच्या झोपेत बसून अडुसष्टही नावं टाइप केली होती. अबोली दुपारी चाळीस मिनिटं झोपते. ही झोप म्हणजे सरकारी कचेरीतली खिडकी. उघडली कधी आणि बंद झाली कधी हे रांगेतल्या माणसालाही कळत नाही. तरी नावं झाली, जन्मवर्षं झाली. उरलं होतं फक्त ते सगळं इंटरनेटवर चढवणं, आणि त्यात काय एवढं, असं मानसीला वाटत होतं. बाळंतपणाआधी ती अंधेरीच्या एका ऑफिसात वेबसाइटचंच काम बघायची. आता हे काम म्हणजे वेबसाइट करणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहून "हे जरा डावीकडे घे ना" असं सांगणं, हा भाग तिने सासरी कधी खुलासेवार मांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने एका होस्टिंग कंपनीकडे जागा भाड्याने घेतली. पैसे भरले, पावती आली, अभिनंदनही आलं, त्यात रंगीत कागद उडत होते. पाठोपाठ एक खिडकी उघडली. तुमच्या पत्त्याचा कारभार दुसरीकडे आहे असं दिसतं, तर हा पत्ता तुमच्याच मालकीचा आहे हे सिद्ध करा. त्यासाठी खालची अक्षरं पत्त्याच्या 'टीएक्सटी' नोंदीत, म्हणजे पत्त्याला जोडलेल्या मजकुराच्या चिठ्ठीत, टाका. खाली छत्तीस अक्षरं आणि आकडे, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखे.

मानसीने पत्ता विकणाऱ्या कंपनीचं पान उघडलं. त्याचा पासवर्ड हर्षदने तेव्हाच घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून ठेवला होता, सुरक्षिततेची आमच्याकडची ती कमाल मर्यादा. तिने नोंद टाकली आणि 'तपासा' दाबलं. सापडत नाही, असं उत्तर आलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की अठ्ठेचाळीस तास लागू शकतात.

अठ्ठेचाळीस तास. म्हणजे अबोलीच्या चार झोपा, दोन दुपारच्या आणि दोन संध्याकाळच्या. प्रत्येक झोपेत मानसी 'तपासा' दाबायची आणि प्रत्येक वेळी कंपनी तिला अत्यंत नम्रपणे खोटं पाडायची. भाऊराव रोज सकाळी दाढी झाली की विचारायचे, "लागला काय पत्ता?" मानसी म्हणायची, नोंद सगळीकडे पसरायला वेळ लागतो, बाबा. ते मान डोलवायचे. गिरणीच्या पगाराची वाट बघण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना 'वेळ लागतो' हे वाक्य तोंडपाठ असतं.

आता आपल्याकडे एखादं काम अडलं की ते घरात राहत नाही. शेजारच्या नीलाताईंनी अबोलीला घ्यायला म्हणून येऊन सगळी हकीकत ऐकली आणि शांतपणे विचारलं, की मग मोठ्या अक्षरात झेरॉक्स का नाही काढली? स्टेशनबाहेर दहा मिनिटांत देतो.

मानसीने तांत्रिक कारणं सांगितली. 'रिस्पॉन्सिव्ह' हा शब्द दोनदा वापरला. नीलाताई अबोलीला थोपटत हं हं करत राहिल्या, आणि ते हं हं मानसीला दोन दिवस झोंबत राहिलं. खरं सांगायचं तर झेरॉक्स तिला सुचलीच नव्हती. आणि सुचली असती तरी आता बोलून बसली होती. दहा महिने तिने हातात घेतलेलं एकही काम पूर्ण केलं नव्हतं. चहासुद्धा दोन हप्त्यांत प्यायची. हे एक तरी तिला टोकाला न्यायचं होतं.

पाचव्या दिवशी तिने कंपनीच्या मदतकक्षाशी चॅट सुरू केली. पलीकडे संघमित्रा नावाची मुलगी होती. उत्तर मराठीत आलं म्हणून मानसीला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण या चॅटचा नियम असा, की तीन मिनिटं उत्तर गेलं नाही तर खिडकी आपोआप बंद. आणि अबोलीचा नियम असा, की आई टाइप करायला बसली की उठायचं. चार वेळा चॅट उघडली आणि चार वेळा "आपण अजून आहात का?" या प्रश्नावर संपली. पाचव्यांदा संघमित्रानेच लिहिलं, "बाळ उठलं का? आवरून या, मी थांबवून ठेवते." मग तिने नियमाप्रमाणे विचारलं, की मालकी दाखवणारं काही आहे का?

मानसीने हे मोठ्याने वाचलं ते भाऊरावांनी ऐकलं. मालकी दाखवणारं काही! एवढ्यासाठी अडलंय होय? ते काठी घेऊन थेट सोसायटीचे सेक्रेटरी देवव्रत यांच्याकडे गेले. देवव्रत बँकेतून निवृत्त झालेले, आणि कागद दिसला की त्यावर शिक्का मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी पाऊण तास सगळं समजून घेतलं, निदान तसं त्यांना वाटलं, आणि लेटरहेडवर दाखला दिला. "सदर डोमेन हे गेली दोन वर्षे आमच्या सोसायटीत वास्तव्यास असून त्याची वर्तणूक चांगली आहे. त्याच्या नावावर देखभाल खर्चाची कोणतीही थकबाकी नाही. सोसायटीची हरकत नाही." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

भाऊराव तो कागद दोन्ही हातांनी धरून आले. मानसीला हसूही येईना आणि पाठवू नये असंही म्हणवेना. तिने फोटो काढून पाठवला. पलीकडे बराच वेळ नुसते तीन ठिपके नाचत राहिले. मग संघमित्राचं उत्तर आलं, की दाखला उत्तम आहे, पण मशीनला वाचता येत नाही.

सातव्या दिवशीही 'सापडत नाही'च. सुगंधाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "गो मानसी, माका एकदा नीट सांग. हा आहे तरी काय?"

मानसीने थकल्या आवाजात सांगितलं. नाव एका दुकानातून घेतलंय. खोली दुसरीकडे भाड्याने घेतलीय. खोलीवाले म्हणतात, नाव तुमचंच असल्याची चिठ्ठी द्या. आणि कोणी ते नाव विचारत आलं, तर त्याला कुठल्या खोलीत पाठवायचं हे सांगणारा तिसराच असतो.

"म्हणजे वॉचमन."

"हो. तसंच."

"मगे चिठ्ठी खंय दिलंस तू?"

"दुकानात."

"चिठ्ठी वॉचमनकडे द्यायची ना गो," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

मानसी जागच्या जागी उभी राहिली. मग तिने लॅपटॉप उघडला, पत्ता विकणाऱ्या कंपनीचं पान पुन्हा काढलं आणि पहिल्यांदाच सगळं वाचलं. तिथे वरच लिहिलं होतं, की या पत्त्याचा डीएनएस, म्हणजे नावाला जागा दाखवणारा कारभार, आमच्याकडे नाही; इथे केलेल्या नोंदी लागू होणार नाहीत. पिवळ्या पट्टीत, ठळक. पाच दिवस ती पट्टी तिच्याकडे बघत होती. हर्षदने तेव्हा कोणीतरी फुकट आणि वेगवान म्हणून सांगितलेल्या तिसऱ्याच ठिकाणी सगळा कारभार नेऊन ठेवला होता. मोठ्या पदव्या असलेली माणसं ज्याला थर्ड पार्टी म्हणतात तो वॉचमन सासूबाईंना लसूण सोलता सोलता सापडला. मानसीने हे सुयोगला सांगितलं नाही. सासूबाईंनी सोसायटीभर सांगितलं.

पण त्या वॉचमनची किल्ली हर्षदकडे. त्याला विचारायला हवं. सुयोग म्हणाला, मी मेसेज टाकतो. भाऊराव म्हणाले, नको, मी फोन करतो.

दहा महिन्यांनी हा फोन. त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली, घसा साफ केला. मानसी बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालायचं निमित्त करून तिथेच थांबली. आता ते बोलतील, त्या दिवसाचं काहीतरी म्हणतील, असं तिला वाटत होतं. भाऊराव म्हणाले, "हर्षद, बाळाक दूध पचता ना?" मग बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि तुका झोप मिळता काय?" पुन्हा ऐकत राहिले. शेवटी किल्लीचं विचारलं. फोन ठेवून वळले आणि म्हणाले, "तो म्हणतो, काकीच्या नावावर ठेवलंय. आपल्याच घरात आहे."

झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी हर्षदने काकीला कीर्तनं बघता यावीत म्हणून एक ईमेल काढून दिला होता, आणि हाताला तोच लागला म्हणून खातंही त्यावरच उघडलं होतं. आता आत जायचं तर सुगंधाबाईंच्या फोनवर ओटीपी येणार. आला. मानसीने हात पुढे केला. सुगंधाबाईंनी फोन छातीशी धरला.

"ओटीपी कोणाक सांगूचो नाय."

"आई, मी आहे."

"बँकवाल्यान सांगलेलो, जावयाकसुद्धा सांगूचो नाय. सुनेक सांगा असा काय तो बोलूक नाय."

दोन ओटीपी या वादात शिळे झाले. तिसरा आला तेव्हा त्या स्वयंपाकघरात गेल्या, पाठ केली आणि एकेक आकडा स्वतः टाइप केला, परीक्षेत पेपर झाकून लिहिणाऱ्या हुशार मुलीसारखा. आणि पान उघडलं. त्यांच्या फोनवर, त्यांच्या नावाने. मानसीने तिथेच ती छत्तीस अक्षरं चिकटवली, आणि तेवढ्यात आतून अबोलीचा धप्प आवाज आला आणि मागोमाग भोकाड.

"फक्त 'सेव्ह' दाबायचं राहिलंय, आई, तुम्ही दाबा," म्हणत ती पळाली. अबोलीला काही लागलं नव्हतं. पलंगावरून उशी पडली होती आणि तिला उशीचं वाईट वाटत होतं.

दोन दिवस गेले. सापडत नाही. मग नवीनच काहीतरी: नोंद सापडली, पण मजकूर जुळत नाही. दहाव्या दिवशी दुपारी मानसीने सासूबाईंचा फोन मागितला, ओटीपीचा सगळा सोहळा पुन्हा पार पडला, आणि तिने ती नोंद उघडली. छत्तीस अक्षरांच्या पुढे शुद्ध मराठीत लिहिलं होतं: "महोदय, सदर पाळणा कोणाच्याही मालकीचा नाही. आम्ही फक्त सांभाळतो. कळावे, भाऊराव, नाहूर."

तिने मान वर केली. भाऊराव खिडकीकडे बघत होते, ज्यांना काही नीट दिसत नाही ते बघतात तसे.

"'सेव्ह' दाबायच्या आधी तुम्ही फोनमध्ये बोलून टाइप केलंत, बाबा?"

"सुगंधा म्हणाली, आपण मालक आहोत असं लिहून देतोय," ते म्हणाले. "मला ते पटलं नाही. खोटी नोंद कशी करायची? वहीच्या पहिल्या पानावर माझ्या वडलांनी लिहून ठेवलंय, पाळणा कोणाचा नाही म्हणून. आणि नुसते आकडे पाठवणं बरं दिसेना. पुढे दोन ओळी हव्यात." मग म्हणाले, "माझ्यामुळे पुन्हा राहिलं का गं?"

चिडायची मानसीने तयारी केली होती, शब्दही काढून ठेवले होते. ते तसेच आत ठेवले. तिने चॅट उघडली आणि संघमित्राला जे झालं ते सगळं लिहिलं. खरंतर तिला एवढंच विचारायचं होतं, की ती ओळ पुसली की काम होईल ना. उत्तर जरा उशिरा आलं.

"पुसायची गरज नाही. एका पत्त्याला अशा कितीही नोंदी ठेवता येतात. आमची अक्षरं एका नोंदीत राहू दे, काकांचं वाक्य दुसरीत. मशीन फक्त आपली अक्षरं शोधतं, बाकी काही वाचत नाही." आणि खाली, "मी वाचलं."

मानसीने दोन नोंदी केल्या. भाऊरावांची ओळ एक अक्षरही न बदलता दुसऱ्या चौकोनात ठेवली. 'कळावे'सकट. अकराव्या दिवशी सकाळी 'तपासा' दाबल्यावर हिरवी खूण आली. तिने अबोलीला उचलून गरगर फिरवलं, अबोलीने आनंदाने तिच्या खांद्यावर दूध काढलं. मग होस्टिंगवाल्यांनी खोलीचा क्रमांक दिला, तो वॉचमनला कळवला, आणि पुन्हा ती बारीक अक्षरं आली: सगळीकडे पोचायला वेळ लागू शकतो.

बाराव्या दिवशी चेंबूरला हर्षदकडे माणसं भरली होती. पाळणा मधोमध, झेंडू लावून. श्रुतिका, हर्षदची बायको, टोपडं घातलेलं बाळ मांडीवर घेऊन पाटावर बसली होती. हर्षदची बहीण अक्षता आत्याच्या मानाने पाळण्याशी उभी, आणि काय नाव ठेवणार ते नजरेनेसुद्धा कळू देत नव्हती. मानसीने फोन काढला. साइट उघडेना. सुयोगच्या फोनवर नाही, सुगंधाबाईंच्या तर नाहीच. भाऊराव वही मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या चेहऱ्याकडे कडेच्या नजरेने बघत होते.

"उघडेल, बाबा," ती म्हणाली. तिचं तिलाही ते पटलं नाही. झेरॉक्सचा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो हाकलला.

"वहिनी, माझ्यावर उघडलं," हर्षद म्हणाला.

का त्याच्याच फोनवर, ते कोणी सांगू शकत नाही. वेगळी कंपनी, वेगळी लाइन, आधी पोचलं एवढंच. तो काकांच्या शेजारी सतरंजीवर बसला. त्याने दोन बोटांनी अक्षर वाढवलं, अजून वाढवलं, इतकं की एका वेळी पडद्यावर एकच नाव मावत होतं. भाऊरावांनी मान तिरकी केली, कोंबडा दाणा बघतो तशी, आणि पहिलं नाव वाचलं.

अडुसष्ट नावं एकेक करून वाचायला किती वेळ लागतो याचा कोणी अंदाज घेतला नव्हता. आत पुऱ्या गार होत होत्या. मुलं चुळबुळत होती. अबोली मानसीच्या मांडीवर झोपली. हर्षद अंगठ्याने पडदा सरकवत होता, काका वाचत होते. नाव, साल, नाव, साल. ज्याचं नाव येई तो जिथे असेल तिथून "हो" म्हणायचा, काहींच्या वतीने त्यांच्या घरचं कोणी म्हणायचं, आणि काही नावांना कोणीच म्हणायचं नाही, तेव्हा भाऊराव क्षणभर थांबून स्वतःच "हो" म्हणायचे.

चव्वेचाळिसाव्या नावाशी हर्षदचा अंगठा थांबला. भाऊरावांनी वाचलं, "हर्षद." मग पुन्हा वाचलं, "हर्षद." हर्षद "हो" म्हणाला, पण ते फारसं ऐकू गेलं नाही. मग अंगठा पुढे सरकला.

शेवटचं नाव अबोलीचं. तिच्या वतीने मानसी "हो" म्हणाली. हर्षदने सवयीने आणखी एकदा सरकवलं, आणि पडदा पांढरा झाला.

भाऊरावांनी मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. त्यांचा हात वहीवर घट्ट झाला. "हर्षद, पुढचं दिसत नाही रे. पुढचं नाव दिसत नाही."

"पुढचं अजून ठेवलंच नाही, काका," हर्षद म्हणाला. "तुमचं वाचून व्हायची वाट बघतोय आम्ही."

भाऊरावांचा हात वहीवर सैल पडला. त्यांनी श्रुतिकाच्या मांडीवरच्या टोपड्याकडे बघितलं, मग अक्षताकडे, आणि पाळण्यापाशी तिला जागा व्हावी म्हणून जरासे मागे सरकून बसले.